सदतिसावं पान

१

सोमवारी सकाळी सव्वाअकराला धानोरीच्या तालुका कोर्टात एक पान हरवल्याचं उघडकीला आलं. कोर्टात दाव्याचा निकाल लागायला वीस वर्षं लागतात, माणसाचा निकाल लावायला मात्र अर्धा तास पुरतो. पावणेबारापर्यंत ते पान कारकून दीपमाला थूल हिनेच हरवलं असणार, अशी निम्म्या कोर्टाची खात्री झाली होती.

झालं होतं ते असं. तानाबाई झाडे या सत्तरीच्या बाईचा जामच्या चौरस्त्यालगतच्या दोन एकरांसाठी पुतण्याशी दावा चालू होता. तिच्या दिराने सत्त्याऐंशी साली स्टॅम्पपेपरवर वाटणीपत्र लिहून, ही जमीन भावाच्या हिश्श्याची, असं कबूल करून अंगठा दिला होता. आता दीर नाही, नवराही नाही. दिराचा मुलगा नानाजी याचा हायवेवर धाबा आहे आणि त्याला ते दोन एकर हवेत. बापाने असा अंगठा दिलाच नव्हता, असं तो शपथेवर सांगतो. म्हणून तानाबाईच्या वकिलाने अर्ज केला की तो ठसा तज्ज्ञाकडे तपासायला पाठवा.

न्यायाधीश साहेबांनी फाइल पडद्यावर उघडली. कागदांच्या यादीत वाटणीपत्राचं नाव होतं, पण फाइलीत वाटणीपत्र नव्हतं. मग मूळ फाइल मागवली. रेकॉर्डच्या खोलीतून लाल फडक्यात बांधलेला बस्ता दीपमालानेच आणला, तिच्याच हातांनी सोडला. पडद्यावर छत्तिसाव्या पानानंतर एक सातबारा होता, मूळ फाइलीतही छत्तिसाव्या पानानंतर तोच सातबारा. फरक इतकाच, की मूळ फाइलीत आकडे छत्तीसवरून थेट अडतिसावर उडी मारत होते.

"ही फाइल स्कॅन केव्हा झाली?" साहेबांनी विचारलं.

"बारा मार्चला, सर."

"पडताळणीच्या दाखल्यावर सही कोणाची आहे?"

दीपमालाने दाखल्याकडे पाहिलं. "माझी, सर."

दाखल्यावर छापलेलं होतं : सदर प्रत मूळ अभिलेखाशी पानोपानी पडताळून पाहिली आहे. साहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, फाइल आपल्या कपाटात कुलूपबंद केली आणि जिल्ह्याहून चौकशीला माणूस बोलावला. दीपमालाच्या नोकरीची परिवीक्षेची, म्हणजे प्रोबेशनची, दोन वर्षं याच महिन्याच्या तीस तारखेला संपत होती. त्या तारखेपर्यंत तिला काढून टाकायला एक ओळ पुरेशी होती, आणि पोलिसांत गुन्हा नोंदवायचा तर दुसरी.

बाहेर व्हरांड्यात तानाबाई बाकावर बसली होती. तिने ना आरडाओरडा केला, ना शिव्याशाप दिले. दीपमाला जवळून जाताना तिने फक्त हात धरला.

"बाई, कॉम्प्युटरात टाकताना तुमी सोता पायलं होतं का वो ते पान?"

दीपमालाने हात सोडवून घेतला आणि आत पळाली. उत्तर तिच्याजवळ होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

२

दोन वर्षांपूर्वी धानोरीत स्कॅनिंग सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. मग फायदा दिसू लागला. आधी एका कागदाची नक्कल मिळवायला पंधरा दिवस आणि एसटीच्या तीन खेपा लागत. आता खिडकीवर दाव्याचा नंबर सांगितला की दहा मिनिटांत कागद हातात पडे. म्हातारी माणसं तो कागद उलटसुलट करून बघत, खरा आहे ना म्हणून. दीपमालाला या कामाचा मनापासून अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर दोष यंत्राचा, असं म्हणायला लोक मोकळे.

काम चौघांचं होतं. तानबा शिपाई रेकॉर्डच्या खोलीतून फायली काढी. तीस वर्षं कोर्टातली प्रत्येक फाइल त्यानेच सुईदोऱ्याने शिवली होती, तीही कडेला नाही, चांगली दोन बोटं आत. त्यावरून तो रोज बोलणी खाई, कारण त्याच्या टाक्यामुळे पान धड उघडत नसे. ठेकेदाराचा माणूस प्रफुल टाका कापून पानं सुटी करी, यंत्रातून काढी आणि फाइल हिरव्या टॅगने बांधी. दीपमाला पडताळणी करी. आणि या सगळ्यांवर सहायक अधीक्षक वासुदेवराव हिवरकर.

वासुदेवरावांना ती काका म्हणे. नवीन होती तेव्हा अर्ज कसा लावायचा, कोणत्या वकिलाला किती तोंड द्यायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. सोमवारी दुपारी ती त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा ते एका नव्या दाव्याच्या कागदांवर लाल पेनने पाननंबर टाकत होते. दर दहाव्या आकड्याभोवती त्यांचा हात आपोआप गोल काढी, मोजताना चुकू नये म्हणून. ही युक्ती त्यांनी तिलाही शिकवली होती आणि ती हसून म्हणाली होती, आता मशीन मोजते न काका.

"बस बेटा," ते म्हणाले. "पानी पे. रडून राह्यली का तू?"

"काका, माही नोकरी जाते आता."

"काऊन जाईन? मी हाव न इथं." त्यांनी खण उघडून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "हा तुहा खुलासा. मीच लिहिला. पडताळणी नियमानं केली, पान तेव्हाच फाइलीत नव्हतं, असं सांगजो. झालं. पान तुह्याकडे यायच्या आधीच गेलतं, तुह्यावर येतच नाई."

"मंग कोनावर येते?"

वासुदेवरावांनी पेनाला टोपण लावलं. "रेकॉर्डच्या खोलीची चाबी ज्याच्यापाशी हाय त्याच्यावर. तानबा डिसेंबरात रिटायर होते. त्याचं का बिघडते?"

दीपमालाने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. उद्या सांगते, म्हणाली. मंगळवारी त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा उद्यावर टाकलं. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "रविवारी अंकिताचं साक्षगंध हाय जामले. हे सगळं निस्तरलं की मोकळ्या मनानं येजो." आणि लेकीच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, पत्रिका तिच्या हातात दिली. तिने ती न वाचताच पर्समध्ये टाकली.

घरी, समुद्रपूरजवळच्या गावात, बाबा अंगणात कापसाचं बोंड सोलून बघत बसले होते. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिच्या नेमणुकीचा आदेश त्यांनी काचेत घालून टांगला होता. गावात कोणीही आलं की आधी तो दाखवत.

"का झालं माय? दोन दिसापासून जेवून नाई राह्यली."

"काही नाई बाबा. काम लय हाय."

काचेतल्या त्या कागदाकडे तिला बघवेना.

३

बुधवारी ती कोर्टात सगळ्यांच्या आधी पोचली. तानबा नुकतंच दार उघडून झाडत होता. तिच्या टेबलाच्या खणाचं कुलूप कधीचंच बिघडलेलं, तो नुसता ओढला की उघडे. पेन काढायला तिने हात घातला आणि बोटाला काहीतरी थंड लागलं.

तिने खण पुरता ओढला. शिक्क्याच्या डबीमागे, कागदाच्या चिटोऱ्यावर, दाढीचं एक ब्लेड ठेवलेलं होतं.

हे ब्लेड तिचं नव्हतं. ते काल संध्याकाळी तिथे नव्हतं. म्हणजे कोणीतरी तिच्या मागे इथे येऊन, तिच्या खणात, जिथे ती रोज हात घालते तिथे, हे ठेवून गेलं होतं. आज चौकशी होती. खण तपासला तर? ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडून सांगायचं काय? कोण विश्वास ठेवणार होतं?

बाहेर पावलं वाजली. दीपमालाने विचार केला नाही. ब्लेड चिटोऱ्यासकट उचललं आणि आपल्या जेवणाच्या डब्याच्या खालच्या, रिकाम्या पुडात टाकून वर झाकण दाबलं. झाकण लागल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण आता खरोखरच काहीतरी लपवलं आहे. आतापर्यंत निदान तेवढं तरी नव्हतं.

दारात छत्री घेतलेला एक किरकोळ बांध्याचा माणूस उभा होता. चष्म्याला दोरी, पायात चपला.

"थूल मॅडम तुमीच न?" तो म्हणाला. "मी गुलाबराव मून. जिल्ह्यावरून आलो. तुमच्या हाताला रक्त आलं, मॅडम."

तिने बोट पदरात लपवलं.

४

गुलाबरावांनी पहिला तासभर कोणाशी एक शब्द काढला नाही. आधी पडद्यावरची फाइल एकेक पान करून पाहिली. काही पानांवर उगाच थांबले. मग साहेबांच्या कपाटातून मूळ फाइल काढून घेतली, पण टाका सोडला नाही. नुसती पानं जरा फाकवून, मोबाइलचा दिवा लावून आत डोकावले, आणि फाइल मिटून ठेवली. मग म्हणाले, "जबान्या लिहून घ्यायले मानूस नाई. थूल मॅडम, तुमीच बसा."

संशयिताकडूनच बाकीच्या संशयितांच्या जबान्या लिहून घेण्याचा हा प्रकार कोणत्या नियमात बसतो, हे कोणी विचारलं नाही. दीपमाला लिहू लागली. डबा तिच्या पायाशी होता आणि दर दोन मिनिटांनी तिची नजर तिकडे जात होती.

प्रफुल आला तो आधीच फणफणत. "साहेब, माह्यावर नका आनू. टोपलीत जे ठेवतेत ते मी मशीनीत टाकतो. टाका असला तर कापतो, मंग हिरवी टॅग बांधतो. टाका परत मारा म्हनान तर मले येतच नाई."

"अन् सुटे कागद आले तर?"

"तर बरंच हाय. टाइम वाचते. बारकोडची चिठ्ठी लावली असली म्हंजे झालं. दिवसाच्या चाळीस फायली राह्यतेत साहेब, आत का लिहिलं ते मी वाचत नाई."

"टोपली भरते कोन?"

"ज्याले टाइम असन तो. मॅडम, नाई तर काका, नाई तर तानबाजी."

तानबा दारातच चपला काढून आत आला. गुलाबरावांनी मिटलेली फाइल त्याच्यापुढे ठेवली. "तानबाजी, हा टाका कोनाचा?"

तानबाने दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "माहाच हाय. दुसऱ्या कोनाले जमते? मेनबत्ती फिरवून दोरा घेतो मी. ही गाठ पायजा, चार वर्सं वर झाली याले."

"दुसऱ्या कोनी सोडून परत मारली असन तर?"

"मले लगेच समजलं असतं, साहेब. आपल्या हातचं आपल्याले समजते."

दीपमालाने लिहिलं : टाका माझाच आहे. हा साधा माणूस स्वतःच्याच गळ्यात दोर घालून घेत होता, असं तिला वाटलं.

वासुदेवराव शेवटी आले. सावकाश खुर्चीत बसले. "पोरगी हुशार हाय, मूनसाहेब. तिनं पानोपानी पायलं असन तेव्हाच सही केली असन. म्हंजे पान आधीच गेलतं. आता टाकाही तानबाचा अन् चाबीही तानबाची. मी काही म्हनत नाई. तीस वर्सं सोबत काम केलं, जिवावर येते बोलायले."

"थूल मॅडमचा खुलासा आला का?"

"आज देते. देते न बेटा?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. पर्समध्ये तो टाइप केलेला कागद होता. त्यावर सही केली की नोकरी वाचणार होती, काचेतला आदेश भिंतीवर राहणार होता, आणि तानबा जाणार होता. तिने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिचं तिलाच कळलं नाही.

दीड वाजला. बाकीचे जेवायला उठले. गुलाबरावांनी चष्मा पुसला आणि तिच्या पायाशी वाकून पाहिलं.

"मॅडम, डबा आनला दिसते. मी सकाळपासून उपाशी हाव. द्याल का जरा?"

५

वरच्या पुडात भाकरी आणि वांग्याची भाजी होती. दीपमालाने तेवढंच पूड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. खालचं पूड तिच्या हाताखाली होतं. गुलाबरावांनी अर्धी भाकरी मोडली, अर्धी तिच्याकडे सरकवली आणि मुकाट्याने जेवू लागले. खाली काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. जेवून हात धुवून ते उठले असते तर ब्लेड रिकाम्या डब्यातून घरी गेलं असतं आणि कोणालाही पत्ता लागला नसता.

"ते तानबाजी," भाकरी चावत गुलाबराव म्हणाले, "इतक्या खोल काऊन शिवतेत?"

"कडेला शिवलं तर पान फाटून निंगते म्हनतेत. मानसाचा कागद हाय, सैल काऊन बांधू, असं म्हनतेत." तिने हातातली भाकरी खाली ठेवली. "सर, त्यानं काही नाई केलं."

"हे तुमाले कसं मालूम?"

तेव्हा तिने खालचं पूड उघडलं.

मग सगळंच बाहेर आलं. ब्लेड सकाळी खणात सापडलं हे, आणि आपण घाबरून ते लपवलं हेही. बारा मार्चला ती कोर्टात नव्हतीच. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामला गेली होती. तिचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहिलेला असतो आणि तो सगळ्या कचेरीला पाठ आहे, कारण बाकीच्यांचे पासवर्ड घडीघडी बंद पडतात. तेराला ती आली तेव्हा काकांनी चाळीस दाखल्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. म्हणाले, तुह्या गैरहजेरीत काम थांबू देलं नाई, घे, सह्या मार.

"मी एकही फाइल उघडून नाई पायली, सर. चाळीस सह्या दहा मिनिटांत मारल्या. ते पान तेव्हा होतं का नव्हतं, मले माहीतच नाई. तानाबाईनं विचारलं तेव्हा सांगाले तोंड नव्हतं मले." पर्समधला कागद काढून तिने टेबलावर ठेवला. "अन् यात लिहिलं ते खोटं हाय. मी यावर सही नाई करत. नोकरी गेली तर जाऊ द्या."

गुलाबरावांनी ब्लेड चिटोऱ्यावरच फिरवून पाहिलं, कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"एक सांगा. पान कापून नेलं, असं इथं कोन म्हनलं तुमाले?"

"कोनीच नाई. सगळे म्हनतेत, स्कॅनच्या वेळेस सुटं झालं अन् हरवलं."

"मीबी कोनाले सांगतलं नाई. दिवा लावून पायलं ते मले एकट्याले दिसलं." त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "मंग ब्लेड ठेवनाऱ्याले कसं मालूम, मॅडम?"

आपल्या खणात हात घालणारा माणूस सकाळपासून याच खोलीत वावरत होता, आणि आता बाहेर चहा पीत होता.

६

तीन वाजता रेकॉर्डच्या खोलीत सगळे जमले. लाल बस्त्यांच्या रांगा, मधे लोखंडी टेबल, त्यावर ती फाइल आणि प्रफुलचा लॅपटॉप. साहेब स्वतः येऊन खुर्चीत बसले, तानाबाई दारात बसली. दीपमाला भिंतीला टेकून उभी होती.

"यंत्र पान गाळू शकते," गुलाबराव म्हणाले. "पानाचा नंबर बदलू शकत नाई. मूळ फाइलीत हा सातबारा अडतीस नंबरचा. पडद्यावर तोच सातबारा सदतीस नंबरचा. म्हंजे स्कॅन या फाइलीवरून झालंच नाई."

प्रफुलने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि डोळे मोठे केले.

"स्कॅन झालेल्या फाइलीले हिरवी टॅग असते. हिले तानबाजीचा जुना टाका हाय. ही मार्चमध्ये सुटलीच नाई. स्कॅन झाला तो सुट्या झेरॉक्सचा. नानाजी झाडेनं गेल्या साली सगळ्या फाइलीची नक्कल काढली होती, रजिस्टरात नोंद हाय. त्या संचातून एक पान काढलं, बारकोड लावला अन् टोपलीत ठेवला. मूळ पाननंबर लाल, पन झेरॉक्समधी ते काळे येतेत. पायजा, छत्तीसपर्यंत काळे. सदतीसपासून पुढचे लाल, कारन ते खोडून नव्यानं लिहा लागले."

"टाका सोडून पान काढलं असतं तर सोपं नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"परत शिवाले तानबाजीलेच सांगा लागलं असतं, सर. अन् त्यायले तर सगळं समजलं असतं. म्हनून ब्लेड. मूळ फाइल आता कोन उघडते? सगळे पडद्यावरच पायतेत. तो अंगठ्याचा अर्ज आला नसता तर ही फाइल अजून वीस वर्सं बांधलेलीच राह्यली असती."

त्यांनी लॅपटॉप साहेबांकडे वळवला. "आता फक्त आकडे पायजा, सर. दहा, वीस, तीस. साधे, मूळ लिहिनाऱ्याच्या हातचे. चाळीस, पन्नास, साठ."

चाळीस, पन्नास आणि साठ या आकड्यांभोवती लाल गोल होते.

दीपमालाने ते पाहिले. ती कोणाकडे बघत नव्हती, पण बाकी सगळे एकाच दिशेने बघू लागले होते. त्या गोलांचा हात कचेरीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. तिने पर्समधून साक्षगंधाची पत्रिका काढली आणि पहिल्यांदा वाचली. चि. सौ. कां. अंकिता, आणि वराच्या जागी, चि. रोशन, नानाजी झाडे यांचे सुपुत्र.

"काका," ती म्हणाली.

वासुदेवराव खाली बघत होते. ते लाल पेन बोटांत फिरवत राहिले. "त्यायनं म्हनलं, हे पान निंगालं तर सोयरीक पक्की," शेवटी ते म्हणाले. "पोरगी बत्तीस वर्सांची झाली, साहेब. तीन सोयरिकी मोडल्या." मग दीपमालाकडे न बघता, "तुले काही होऊ देलं नसतं, बेटा. तू सही केली असती तर तुह्यावर आलंच नसतं. म्हनून ब्लेड ठेवून थोडं भेवाडलं."

हे त्यांनी खरंच प्रेमाने म्हटलं, आणि त्याचीच दीपमालाला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"पान कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"जाळलं."

दारात बसलेल्या तानाबाईने हे ऐकलं. तिने पदर तोंडावर घेतला. चोर सापडला होता, तिच्या दोन एकरांचा कागद मात्र चुलीत गेला होता. दीपमालाला वाटलं, एवढं सगळं बोलून शेवटी हिच्या हाती काय लागलं?

"तानबाजी," गुलाबराव म्हणाले, "आता सोडा तुमचा टाका."

तानबाने सुईच्या टोकाने गाठ उचकली. मेण चढलेला दोरा सहजासहजी सुटेना. कोणी घाई केली नाही. दोरा निघाला तशी पानं सैल पडली, आणि छत्तीस व अडतीस यांच्या मधून, टाक्याखाली इतकी वर्षं दडलेली कागदाची एक पट्टी बाहेर आली. वरून खालपर्यंत अखंड, चांगली दोन बोटं रुंद. कापणाऱ्याने टाक्याला लागून कापलं होतं आणि टाक्याच्या आतला भाग दोऱ्याने धरून ठेवला होता.

जुन्या रिवाजाप्रमाणे अंगठा पानाच्या डाव्या समासात घेतला होता. पट्टीवर खालच्या बाजूला, जांभळ्या शाईत, तो जवळजवळ पुरता शाबूत होता. बाजूला लिहिणाऱ्याच्या हातचं दिराचं नाव होतं.

तानबाने पट्टी तळहातावर घेतली आणि कोणाच्या हाती द्यावी ते न कळून उभा राहिला. साहेब खुर्चीतून उठले. "पंचनामा करा. आणि हे आधी स्कॅन करा, आत्ता, माझ्यासमोर."

वासुदेवरावांना पोलीस घेऊन गेले. अंकिताचं साक्षगंध झालं नाही. दीपमालाला न बघता केलेल्या चाळीस सह्यांबद्दल लेखी ठपका मिळाला, परिवीक्षा सहा महिने वाढली आणि त्या चाळीसही फायली पुन्हा पडताळायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. नोकरी राहिली. बाबांना तिने त्याच रात्री सगळं सांगितलं. त्यांनी उठून आदेशाची काच धोतराच्या सोग्याने पुसली.

पण हे सगळं पुढचं. त्या बुधवारी चार वाजता प्रफुलने पट्टी काचेवर ठेवली, झाकण लावलं, आणि दिव्याची रेघ तिच्याखालून सरकत गेली. दाखला छापून आला. दीपमालाने पट्टी उचलली आणि पडद्याशेजारी धरली. एक कड, दुसरी कड, नाव, तारीख, ठशातली एकेक रेघ. पाच मिनिटं लागली. मग तिने सही केली.

तानाबाई टेबलाशी येऊन उभी होती. "बाई, सोता पायलं न?"

"पायलं, आजी," दीपमाला म्हणाली. "या वेळेस पायलं."